गिटारशेठांची उतरलेली तार

आमच्या वरच्या मजल्यावरचे दत्ता म्हात्रे रोज दुपारी गिटार लावतात. नंतर वाजवतातही म्हणे, पण तोवर माझा चहा झालेला असतो. जेवण आटोपून मी जरा आडवी झाले, की छतातून पहिली तार येते. मग तीच तार, आधीपेक्षा किंचित खाली. मग आणखी खाली. मध्ये बराच वेळ शांतता, म्हणजे माणूस विचारात पडलेला. असं करत सहाच्या सहा तारा एकदाच्या त्यांच्या मनासारख्या लागतात आणि त्या क्षणापासून जगातल्या दुसऱ्या कुठल्याही वाद्याशी त्यांचं पटेनासं होतं.

हे मी उगाच म्हणत नाही. माझ्याकडे पेटी आहे. माहेरहून आलेली, हल्ली तिच्यावर इस्त्रीचे कपडे असतात. एकदा जिद्दीने ते कपडे उतरवले आणि वरच्या तारेचा सूर पेटीवर शोधायला बसले. काळी एक दाबली, तर वरचा सूर तिच्या खाली. पांढरी एक दाबली, तर तिच्या वर. म्हणजे गृहस्थ बरोबर दोन पट्ट्यांमधल्या फटीत राहत होते. फटीत साधारणपणे झुरळं राहतात. मी कपडे परत पेटीवर रचून ठेवले.

गिटार लावायचं यंत्र त्यांच्याकडे नाही, असं नाही. पुण्याची लेक दर वाढदिवसाला एक पाठवते. कपड्यांच्या चिमट्याएवढंच असतं. गिटारीच्या टोकाला लावायचं, सूर बरोबर लागला की हिरवा दिवा लागतो. म्हात्र्यांनी ती सगळी बायकोच्या हवाली केली. सुलभाताई त्या चिमट्यांनी सुकटीच्या पिशव्यांची तोंडं बंद करतात. कुकरची शिट्टी झाली की मधूनच एखादा दिवा लागतो आणि सुकट सुरात असल्याचं कळतं. मी एकदा भीत भीत विचारलं, की यंत्र का वापरत नाही. तर म्हणाले, “वैनी, मानसानं यंत्राला इचारायचं, सूर कुठं हाय? मंग कान कशाला दिलं देवानं?”

पनवेलजवळच्या आमच्या विचुंब्याच्या आसपास नवं शहर आलं, भातशेतीवर इमारती उभ्या राहिल्या आणि ज्याच्या नावावर जमीन होती तो शेठ झाला. कुणी रेतीशेठ, कुणी जेसीबीशेठ. दत्ता म्हात्र्यांनी चारचौघांसारखी मोठी गाडी घेतली नाही, की गळ्यात साखळी घातली नाही. त्यांनी एक भलामोठा ॲम्प्लिफायर घेतला. तेव्हापासून गाव त्यांना गिटारशेठ म्हणतं. त्यात कौतुक किती आणि कीव किती, ते गावालाच ठाऊक.

आमची इमारत त्यांच्याच शेतावर आहे. इमारतीला आईचं नाव द्यायचं ही भावना चांगलीच, पण ‘काशीबाई निवास’ ही अक्षरं त्यांनी पेंटरकडून रॉक बँडच्या पोस्टरसारखी काढून घेतली. टोकदार, वाकडीतिकडी, खाली लाल ठिणग्या. कुरिअरवाले विजेचं सबस्टेशन समजून पुढे जातात. काशीबाई बिचाऱ्या जन्मभर भात लावत आणि वाल सोलत जगल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, हे एका अर्थी बरंच झालं.

वय सदुसष्टच्या आसपास. पनवेलच्या मे महिन्यात जिथे अंगावर गंजीफ्रॉक नकोसा होतो, तिथे हे चामड्याचं काळं जॅकेट घालून भाजी आणायला जातात. डोक्यावर पुढून काही उरलेलं नाही, मागे मात्र शेपटी आहे. ती बांधायला कोथिंबिरीच्या जुडीचं रबर. कधीकधी घाईत एखादं पानही सोबत येतं. आणि तोंडी एकच वाक्य, “आवाजाला वजन पायजे.” हे वाक्य ते गिटारीबद्दल म्हणतात, पुढाऱ्याच्या भाषणाबद्दल म्हणतात, आणि एकदा माझ्या दारावरच्या घंटीबद्दलही म्हणाले. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवर चर्चा चालू असताना त्यांनी उठून तेच सांगितलं आणि खाली बसले. मी सेक्रेटरी असल्यामुळे टाकीला वजन कसं द्यायचं, यावर विचार करणं मला भाग पडलं.

गावात हळद लागली की लोक बोलवायला येतात. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, रात्रभर नाच. घरातच गिटार आहे म्हटल्यावर कुणाला वाटणार नाही, की शेठ, येऊन जरा वाजवा? पण यांचं उत्तर ठरलेलं. “आमी रॉक वाजवतो. हलदीला नाय.” एका पुतण्याने फारच गळ घातली, तेव्हा गेले. नाचाला उभ्या राहिलेल्या शंभरेक माणसांसमोर त्यांनी डोळे मिटून एकट्याने गिटार वाजवली, आणि डोळे उघडले तेव्हा समोर फक्त नवरदेव होता. त्याला हळद लागलेली असल्यामुळे जागचं हलता येत नव्हतं. तेव्हापासून बोलावणी थांबली, आणि म्हात्रे ते स्वतःच्या तत्त्वांचा विजय मानतात.

तर अशा माणसाच्या खाली मी इतकी वर्षं राहते आणि मला त्यातून आजवर गळकं न्हाणीघर सोडून काही मिळालेलं नव्हतं. तेवढ्यात माझा भाचा ओंकार एका दुपारी जेवायला आला.

ओंकार म्युझिक प्रोड्यूसर आहे. म्हणजे काय, हे त्याच्या आईने मला तीनदा समजावून सांगितलंय, दरवेळी रडत. सुकापूरला एका भाड्याच्या खोलीच्या चारही भिंतींना त्याने गाद्या लावल्यात, स्वतः मात्र चटईवर झोपतो. त्या खोलीत लॅपटॉप घेऊन तो बँडची गाणी तयार करतो. बँडचं नाव ‘लिफ्ट बंद आहे’. मला आधी वाटलं, तो कुठल्यातरी इमारतीबद्दल तक्रार करतोय. बँडमध्ये जुई नावाची मुलगी गाते, म्हणजे कानाशी येऊन काहीतरी खासगी सांगितल्यासारखं बोलते. एक मुलगा ड्रम वाजवतो, दोन बोटांनी, पाटीएवढ्या रबरी डबीवर.

ताकाचं भांडं तोंडाला लावलेलं असताना ओंकारने वरचा आवाज ऐकला आणि तसाच थांबला. मला वाटलं ठसका लागला. तो जिना चढून वर गेला आणि तिन्हीसांजेला खाली आला तेव्हा त्याचे डोळे बुवाच्या मठातून आल्यासारखे झाले होते.

“मावशी, तुझ्या डोक्यावर लेजेंड राहतोय,” तो म्हणाला.

मी म्हटलं, ते मला रोज दुपारी कळतं.

मग सगळा इतिहास मला ओंकारकडून समजला, जो माझ्या डोक्यावर राहूनही मला ठाऊक नव्हता. म्हात्र्यांनी कॉलेजच्या दिवसांत पनवेलमधल्या चौघांचा बँड काढला होता. नाव ‘गाढी रिव्हर’, आपल्या गाढी नदीवरून. त्या काळी रॉक म्हणजे इंग्रजीतच गायचं असतं अशी पक्की समजूत, म्हणून यांनीही इंग्रजीत गाणी रचली. त्यातलं गाजलेलं गाणं म्हणजे ‘पळस्पे फाटा’. एक तरुण पळस्पे फाट्यावर प्रेयसीची वाट पाहतोय आणि तिची एस्टी येत नाही. ‘ओ बेबी, पळस्पे फाटा, बस इज लेट, व्हाय यू मेक मी वेट.’ गाजलं म्हणजे दोन कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये आणि एका शाळेच्या हॉलमध्ये. कॅसेट काढायची फार इच्छा होती, पण निघाली नाही.

ओंकारच्या बँडला हे गाणं नव्याने करायचं होतं. गिटार म्हात्र्यांची, गळा जुईचा. मुलांना यात गंमत दिसत होती. म्हात्र्यांना मात्र तीत आयुष्यभर राहून गेलेली गोष्ट दिसत होती. त्यांनी सगळ्या भावकीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, मला तर जिन्यात दोनदा सांगितलं. जॅकेटला खोबरेल तेल लावून गॅलरीत वाळत घातलं. त्याचे दोन थेंब माझ्या तुळशीवर पडले.

पहिल्या दिवशी सकाळीच ते रिक्षाने सुकापूरला पोचले. ॲम्प्लिफायर घेऊन. तिथली लिफ्ट खरोखरच बंद होती, त्यामुळे बँडच्या नावाबद्दलचा माझा गैरसमज दूर झाला. वर पोचून त्यांनी गिटार लावली, भरपूर वेळ घेऊन, आणि मांडीवर ठेवून बसून राहिले. ओंकार म्हणाला, काका, करूया सुरू. ते म्हणाले, बँड येऊ दे.

बँड येणार नव्हता. ड्रम आधीच झाले होते. जुईने बेलपाड्याला आपल्या घरी कपड्यांच्या कपाटात बसून गाऊन मोबाइलवर पाठवून दिलं होतं, कपाटात आवाज छान येतो म्हणे. हल्ली गाणी अशीच होतात. एकजण सोमवारी वाजवतो, दुसरा गुरुवारी गातो, आणि गाणं बाहेर पडल्यावर सगळे एकमेकांना अंगठा पाठवतात. ओंकारने त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि सांगितलं, हे सगळे यात आहेत, यांच्यासोबत वाजवा. वर टक टक असा ठोका. म्हात्र्यांनी हेडफोन काढून आत पाहिलं आणि पुन्हा घातला.

संध्याकाळी ते जिन्यात भेटले तेव्हा मी कसं झालं विचारलं. “पोरं हुशार हायत, वैनी,” ते म्हणाले. “पन एकमेकांना भेटत नाय. आमी चार जन एका खोलीत मावायचो नाय, तरी आतच व्हतो. समोर मानूस नाय, तर वाजवायचं कोनासंगती?”

मला ते पटलं. आमच्या पिढीला नव्याला नावं ठेवणारं काहीही लगेच पटतं.

खरी पंचाईत तारांची झाली. ओंकारच्या लॅपटॉपला फटीत राहणारी गिटार मान्य नव्हती. गाणं एका पट्टीत, म्हात्रे भलतीकडेच. ओंकारने त्यांची गिटार कॉम्प्युटरवर उचलून वरच्या पट्टीत नेऊन बसवली आणि मोठ्या उत्साहाने ऐकवली. म्हात्रे म्हणाले, ही गिटार कुणाची? काका, तुमचीच. “माजी गिटार अशी किंचालत नाय,” म्हणून ते जॅकेट घालून निघाले. मग मुलांनी उलटं करून पाहिलं, अख्खा बँड त्यांच्या सुरावर खाली आणला. जुईने तिथे गायचा प्रयत्न केला तेव्हा कोरड्या पडलेल्या बोअरवेलसारखा आवाज आला. असं करत काम महिनोन्महिने रेंगाळलं, आणि कहर म्हणजे, पावसाळ्याआधी वाजवलेलं आणि दिवाळीनंतर वाजवलेलं ओंकारने शेजारी लावून पाहिलं, तर दिवाळीनंतरची गिटार आणखी खाली.

“मावशी, हा माणूस हळूहळू बुडतोय,” ओंकार मला म्हणाला.

शेवटी बँडने ठरवलं. येत्या रविवारी शेवटचं रेकॉर्डिंग. म्हात्र्यांनी यंत्राप्रमाणे गिटार लावली तर ते गाण्यात, नाहीतर खारघरचा एक मुलगा त्यांची गिटार वाजवेल. म्हणजे यांचं गाणं, यांची चाल, यांचा पळस्पे फाटा, आणि यांनाच एस्टीत जागा नाही. हे त्यांना सांगायचं कुणी, यावर मात्र ‘लिफ्ट बंद आहे’चा एकही सदस्य उपलब्ध नव्हता. ओंकार माझ्याकडे आला. म्हणाला, तू सेक्रेटरी आहेस. उद्या पाणी येणार नाही हे तूच सांगतेस ना लोकांना, तसंच हे पण सांग.

मी दुपारी वर गेले. दार सुलभाताईंनी उघडलं. त्या वाल सोलत बसल्या होत्या. मी शेठ आहेत का विचारलं, तर म्हणाल्या, “हायत. पन बँड बसलाय आत. जरा थांबा ताई, एक गानं होऊ दे.”

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. पलंगावर एक जुना टू-इन-वन ठेवलेला, झाकण नसलेला, कॅसेटवर बोट ठेवलं तर लागेल असा. त्याच्यासमोर स्टुलावर म्हात्रे, मांडीवर गिटार. ते कॅसेटचा सूर ऐकून तार जुळवत होते. खुंटी थोडी सैल, पुन्हा कॅसेट मागे, पुन्हा ऐकणं. इतकी वर्षं छतातून येणारं गौडबंगाल हे होतं. मग त्यांनी कॅसेट अगदी सुरुवातीपासून लावली. खरखर, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि एक जड, थकलेला, पान खाऊन बसल्यासारखा आवाज म्हणाला, “अबे दत्ता, तेरी तार उतर गई है. चढ़ा थोडी.”

“चढवतो रं, बाबा,” म्हात्रे त्या यंत्राला म्हणाले. खुंटीला हातही न लावता. मग कॅसेटमधला वन टू थ्री झाला आणि दोघं एकदम सुरू झाले. गिटार त्या आवाजाला इतकी चिकटून चालत होती, की मध्ये पोस्टकार्डही शिरलं नसतं.

“रोज ह्येच,” सुलभाताई हळूच म्हणाल्या आणि वाल सोलू लागल्या.

गाणं संपल्यावर मी आत गेले. तुमच्या बँडमध्ये हे वयस्कर गृहस्थ कोण होते, असं विचारलं. म्हात्रे माझ्याकडे बघतच राहिले.

“वयस्कर? सलीम हाय तो. मोहल्ल्यातला. तेवीस वर्साचा व्हता.”

सलीम गायचा. बाकीचे दोघे अजून आहेत. एक कॅनडात, दुसऱ्याचं पेणला हार्डवेअरचं दुकान, आणि तो आपण कधी ड्रम वाजवले होते हे कबूल करत नाही. सलीम मात्र ही कॅसेट झाली त्याच साली काविळीने गेला. शाळेच्या हॉलमध्ये खुर्चीवर टेपरेकॉर्डर ठेवून यांनी एकदा सगळी गाणी वाजवली होती, तेवढीच ही एक कॅसेट. सलीमचा आवाज दुसरा कुठे नाही. फोटो आहे एक, त्यात तो हललाय.

मग मला आलेलं काम करणं भाग होतं. उद्या पाणी येणार नाही त्या सुरात मी सगळं सांगून टाकलं. रविवार, यंत्र, खारघरचा मुलगा. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“वैनी, सलीम तर आता खालीवर व्हनार नाय,” ते म्हणाले. “मंग ॲडजस्ट मलाच करायला पायजे ना. यंत्राला लावली गिटार, तर याच्यासंगती वाजवू कसा?”

 पोरं एकमेकांना भेटत नाहीत म्हणून जिन्यात मान हलवणारा हा माणूस रोज दुपारी कुणासोबत वाजवत होता, ते समोरच दिसत होतं. निघताना त्यांनी निरोप दिला. सलीमला गाण्यात घ्या. तो जिथे गाईल तिथे मी वाजवीन, मग यंत्र काय म्हणायचं ते म्हणू दे.

ओंकार खूश झाला. हल्लीच्या मुलांना जुन्या कॅसेटची खरखर फार आवडते, ती नसली तर कॉम्प्युटरवरून आणून घालतात. शनिवारी दुपारी तो वायरी आणि लॅपटॉप घेऊन वर आला, मीही गेले. कॅसेट त्या मशिनमध्ये अडकून तुटेल अशी त्याला धास्ती, म्हणून आधी त्याने टू-इन-वनचे स्क्रू काढून मागची बाजू उघडली. आत बघितलं आणि मला जवळ बोलावलं. कॅसेट फिरवणारा रबरी पट्टा असतो, वाटीएवढा गोल. तो जुन्या परकराच्या इलॅस्टिकसारखा लोंबत होता.

“बघ, हा सैल झालाय म्हणून कॅसेट हळू फिरतेय,” ओंकार म्हणाला. “हळू फिरली की आवाज खाली जातो. दरवर्षी पट्टा जरा जास्त सैल, आवाज जरा जास्त खाली. काका त्याच्यामागोमाग खाली.”

मुलगा गुणी. जुन्या पनवेलमधल्या एका दुरुस्तीवाल्याकडून त्याने अंदाजाने नवा पट्टा आणूनच ठेवला होता. यंत्रात बिघाड दिसला की दुरुस्त करायचा, एवढंच त्याला माहीत. त्याने जुना काढून नवा बसवला, झाकण लावलं. म्हात्रे स्टुलावर बसून बघत होते. त्यांनी अडवलं नाही, हे मला नंतर आठवलं.

ओंकारने कॅसेट सुरू केली. खरखर झाली, खुर्ची सरकली.

“अबे दत्ता, तेरी तार उतर गई है. चढ़ा थोडी.”

तो एक पोरगा होता. कोवळा, घाईतला, हसू दाबत बोलणारा. ज्याला अजून दाढी नीट आलेली नाही असा आवाज. म्हात्र्यांचं तोंड सवयीने उघडलं, पण ‘चढवतो रं’ काही बाहेर आलं नाही. गाणं सुरू झालं आणि सलीम वरच्या वर, मोकळा, पळत गेल्यासारखा गायला लागला. म्हात्र्यांची बोटं आपोआप तारांवर पडली. पहिल्या ठोक्यालाच मलासुद्धा कळलं, की गिटार त्याच्याहून कितीतरी खाली आहे. त्या कॅसेटमधलं वाक्य बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा खरं झालं होतं.

त्यांनी स्वतः हात पुढे करून कॅसेट थांबवली.

“एवडासा व्हता यो,” ते म्हणाले.

सुलभाताई दारात येऊन उभ्या राहिल्या. ओंकारला काही कळेना. त्याने चांगल्या मनाने विचारलं, “काका, इतकी वर्षं तुमच्या लक्षात नाही आलं, आवाज उतरत चाललाय ते?”

“आलेलं रं,” म्हात्रे म्हणाले. “दर साली थोडा थोडा खाली यायचा. मी बोललो, बरा हाय. माज्यासंगती म्हातारा व्हतोय.”

मला त्या वेळी जे वाटलं ते सांगायला सोपं नाही. मी इतकी वर्षं त्या माणसाच्या तारेची चेष्टा केली होती आणि चेष्टेत काही चूक होती असं अजूनही मला वाटत नाही, गिटार खरोखरच बेसूर होती. पण मी खाली वाकून ओंकारच्या वायरी उगाचच गुंडाळायला लागले. सुलभाताई तर सरळ पदराला डोळे पुसत होत्या. ओंकारचा चेहरा पडला. त्याने जमिनीवरचा जुना पट्टा उचलला आणि म्हणाला, की काका, मी हाच परत लावतो, दोन मिनिटांचं काम आहे. गाण्याचं आपण बघू काहीतरी.

म्हात्र्यांनी मान हलवली. “ऱ्हाऊ दे. पोरगा हाय, पोरगाच ऱ्हाऊ दे त्याला. मी कशाला ओढला त्याला माज्या वयात.” मग बायकोकडे न बघता म्हणाले, “एक चिमटा दे गं.”

सुलभाताईंनी सुकटीच्या पिशवीचा चिमटा काढला, पदराला पुसला आणि दिला. म्हात्र्यांनी तो गिटारीच्या टोकाला लावला. खोलीभर सुकटीचा वास. त्यांनी कॅसेट मागे घेतली, सलीमला पुन्हा एकदा बोलू दिलं, आणि खुंटी पिळायला सुरुवात केली. तार कुरकुरत वर जायला लागली. मला वाटलं तुटणार. तुटली नाही, हिरवा दिवा लागला.

रविवारी रेकॉर्डिंग झालं. म्हात्र्यांनी एकच अट घातली, सगळ्यांनी एका वेळी एका खोलीत यायचं. त्या गाद्यांच्या खोलीत बँड प्रथमच एकमेकांसमोर बसला. गुडघ्याला गुडघे लागत होते. बोटांनी ड्रम वाजवणारा मुलगा आणि जुई यांची तिथे ओळख झाली म्हणे. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, ओंकार शपथेवर सांगतो. गाणं सलीमच्या त्या वाक्याने सुरू होतं, पहिलं कडवं तो गातो, दुसरं जुई. मी ते ऐकलं. पळस्पे फाट्यावरची बस अजूनही आलेली नाही, पण वाट बघायला आता बरीच माणसं आहेत. माझ्या बहिणीने ते ऐकून प्रोड्यूसर म्हणजे काय हे मला चौथ्यांदा समजावून सांगितलं, यावेळी न रडता.

जुना पट्टा म्हात्र्यांनी ठेवून घेतला. कोथिंबिरीच्या रबराऐवजी आता त्यानेच शेपटी बांधतात. पट्टा इतका सैल, की तीन-चार वेढे मारूनही धरत नाही. दहा पावलं चालले की केस सुटतात. सुलभाताईंनी चांगलं मखमली रबर आणून दिलं, ते तसंच पडून आहे. दुपारची तार लावणं आता चिमट्यामुळे झटपट होतं आणि लगेच वाजवायलाच सुरुवात होते, त्यामुळे माझी पहिली डुलकीही गेली.

परवा दुपारी भाजी घेऊन वर येताना जिन्यात पायाशी काहीतरी काळं दिसलं. मी आधी दचकले, मग ओळखलं. तो पट्टा होता, त्यात एक पांढरा केस अडकलेला. पिशवी माझ्या दारात ठेवून मी तो द्यायला आणखी एक मजला चढले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कॅसेट सुरू झाली होती, खुर्ची सरकली, आणि तो पोरगा म्हणाला, अबे दत्ता, तेरी तार उतर गई है, चढ़ा थोडी.

“चढवली, बाबा,” म्हात्रे म्हणाले. “चढवली.”

मी पट्टा कडीला अडकवला आणि खाली आले.